मत्स्यशास्त्रात उतरण्याआधी: नागपूरकर विद्यार्थ्यांसाठी तयारीची यादी

बारावी विज्ञानला जीवशास्त्र आहे ना, ते आधी पाहा. नसेल तर पुढचं सगळं अडतं. जातीचा दाखला लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा, कारण ऐन प्रवेशात तोच कागद रखडतो. अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, गुणपत्रिका एका फाईलमध्ये ठेवा. प्रवेशाचे नियम मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, सीनिअरच्या सांगण्यावरून नाही.

समुद्र नाही म्हणून नागपुरात हे शिक्षण नाही, असं अजूनही पालक म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्य विज्ञान महाविद्यालय इथेच तेलंगखेडीला आहे. तिथली बी.एफ.एस्सी. ही मत्स्य विज्ञानाची पदवी चार वर्षांची. आणि पूर्व विदर्भात काय कमी आहे? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, शिवाय गोसीखुर्द, इटियाडोह, तोतलाडोह ही धरणं. या पाण्यावर ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था जगतात. म्हणून पहिल्या वर्षापासूनच सुट्टीत एखाद्या संस्थेच्या तलावावर जा. ठेका कसा मिळतो, मत्स्यबीज म्हणजे माशांची पिल्लं कुठून येतात, बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्लं) न सोडता लहान बीज सोडलं तर किती वाया जातं, हे संस्थेच्या अध्यक्षांना नीट बसून विचारा. व्यवस्थापन म्हणजे अखेर हेच.

पावसाळ्यात एखाद्या बीज केंद्रावर थांबता आलं तर जरूर थांबा. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं. डॉ. हिरालाल चौधरी यांनी हे तंत्र १९५७ साली यशस्वी केलं, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. इंजेक्शन देऊन अंडी मिळवण्याची ती रात्र एकदा जागून पाहिली की पुस्तकातलं अर्धं प्रकरण आपोआप पाठ होतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि पाण्याचा सामू (पीएच) स्वतः मोजायला शिका. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन श्वास घेऊ लागले की शेतकरी तुम्हालाच फोन करणार.

नोकरीच्या वाटा अनेक आहेत. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातल्या पदांच्या जाहिराती येतात, त्यासाठी मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान आतापासून करा. बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेला ही पदवी चालते, हे फार मुलांना माहीतच नसतं. मत्स्यखाद्य कंपन्या, हॅचरी (बीज केंद्रं), मासे प्रक्रिया उद्योग आहेत. संशोधनाची ओढ असेल तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था. स्वतःचा प्रकल्प काढणार असाल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचे निकष वाचा. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं.

आणि पोहता येत नसेल तर येत्या उन्हाळ्यातच शिकून घ्या.