सीतेची वेणी मुंबईच्या गॅलरीत कशी वाढवावी

ऑर्किड घ्यायचं म्हटलं की मुंबईकर फॅलेनॉप्सिस उचलून आणतो. दुकानात ते देखणं दिसतं, पण पहिली फुलं गळली की पुन्हा फुलवताना नाकी नऊ येतात. कळ्या धरायला त्याला गारवा हवा असतो, तो इथे कुठून आणणार? त्यापेक्षा आपल्याच सह्याद्रीतली सीतेची वेणी आणा. पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा गच्च, खाली लोंबणारा गजरा मे-जूनमध्ये येतो. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाचं हे राज्यफूल. बिहूच्या नाचात आसामी बायका ते अंबाड्यात माळतात.

आधी तिचं रानातलं घर समजून घ्या

कोकणात ती जुन्या आंब्याच्या खोडावर, फांदीच्या बेचक्यात दिसते. लोक तिला बांडगूळ समजून उपटतात, ते चूक. बांडगूळ झाडाच्या आत शिरून रस ओढतं, ही नुसती सालीला धरून बसते. पाऊस धो धो कोसळतो, पण खोडावरून निथळून जातो आणि वारा मुळं वाळवतो. नंतरचे आठ महिने दव आणि हवेतला ओलावा. भिजणं आणि लवकर वाळणं, एवढंच तुम्हाला गॅलरीत जमवायचं आहे. माती आणलीत तर रोप गेलंच म्हणून समजा.

रोप घेताना

जंगलातून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढणं गुन्हा आहे, मग ती वाऱ्याने पडलेल्या फांदीवरची का असेना. शिवाय या रोपाचं बी धुळीइतकं बारीक असतं. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि फुलायला पुढे काही वर्षं जातात. ओरबाडलेली जागा सहजी भरून निघत नाही.

नर्सरीत मुळं बघून घ्या. एका बाजूने चपटी, तुटलेली, सालीचे तुकडे चिकटलेली मुळं आणि ओरखडलेली पानं असतील तर रोप रानातून ओढून आणलेलं असण्याची शक्यता मोठी. ते घेऊ नका. जाळीच्या कुंडीत कोळशावर वाढलेलं, एकसारख्या पानांचं रोप घ्या. पान जाड, पन्हळीसारखं असतं आणि टोकाला कुरतडल्यासारखी खाच असते.

बांधणी

जूनच्या सुरुवातीला, मुळांची टोकं हिरवी दिसू लागली की बांधा. आंब्याच्या किंवा जांभळीच्या लाकडाचा खडबडीत तुकडा चालतो. प्लायवूड किंवा पॉलिश केलेली फळी नको. मुळं आधी पाण्यात भिजवून नरम करा, नाहीतर मोडतात. मग जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या पट्टीने रोप बांधा. सुतळी पावसात कुजते आणि मुळं पकड घेण्याआधीच रोप सैल होतं. शेंडा किंचित बाजूला कललेला ठेवा. पानांच्या बेचक्यात पाणी साठलं की शेंडा सडतो, आणि या रोपाला वाढीचं टोक बहुधा तेवढं एकच असतं.

सोसायटीच्या आवारात आंबा असेल तर सेक्रेटरींना विचारून त्यावरच बांधा, याहून चांगलं काही नाही. फक्त खोडावर बांधा. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत फांदी गेली की रोपही जातं. पेरू, निलगिरी नको, त्यांची साल सुटते.

ऊन आणि पाणी

पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेला दुपारनंतर हिरवी जाळी लावा.

पाणी किती, हे मुळंच सांगतात. कोरडं मूळ चंदेरी-पांढरं असतं. फवारलं की काही क्षणांत हिरवं होतं, कारण वरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. सगळी मुळं हिरवी झाली की थांबा. पुन्हा पांढरी होईपर्यंत हात लावू नका. उन्हाळ्यात रोज सकाळी फवारा, मेच्या उकाड्यात संध्याकाळीही. थंडीत एखादा दिवस आड पुरतं. पावसाळ्यात झड आत येत असेल तर काहीच नको. महापालिकेचं पाणी तिला मानवतं, पण टँकरच्या किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मुळांची टोकं करपतात. घरी तेच येत असेल तर पावसाचं पाणी साठवा.

वाढीच्या दिवसांत पंधरवड्याला पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात), पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथा हिस्सा. जास्त घातलंत म्हणून जास्त फुलणार नाही.

पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा, कोवळ्या मुळांवर त्यांचा फार डोळा असतो. आणि कबुतरं! ग्रिलवर बसून बांधलेलं रोप ती उपटतात, म्हणून पहिले काही महिने जाळी हवीच.

पानं गर्द हिरवी आणि लुसलुशीत, पण फूल नाही, असं झालं तर ऊन कमी पडतंय. हळूहळू सकाळच्या उन्हात सरकवा. पान किंचित पिवळसर हिरवं झालं की ठीक. एकदा फुललं की जागा बदलू नका आणि गजरा वाळला की दांडा बुडापासून कापा.