प्रतिसरकारचा पाठ आठवीच्या वर्गात कसा शिकवावा

इयत्ता आठवीत ‘छोडो भारत’ चळवळ इतिहासात येते आणि न्यायव्यवस्था नागरिकशास्त्रात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शिक्षकांनी हे दोन पाठ मुद्दाम जोडून घ्यावेत, कारण क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने, म्हणजे त्या चळवळीत ब्रिटिश सरकारला समांतर उभ्या राहिलेल्या भूमिगत सरकारने, याच भागातील गावांत लोकन्यायालये चालवली, दारूबंदी केली, सावकारीला आळा घातला आणि कमी खर्चाचे गांधी-विवाह लावले. सरकार कोणाला म्हणायचे आणि न्याय देण्याचा अधिकार कोणाकडून मिळतो, हा प्रश्न पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावा आणि पाठ संपेपर्यंत पुसू नये.

सुरुवात नकाशाने करावी. १९४२ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यात होता; १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हे स्पष्ट झाले नाही, तर आज सांगली जिल्ह्यात असलेले येडेमच्छिंद्र ‘साताऱ्याच्या’ प्रतिसरकारात कसे, असा गोंधळ मुलांच्या मनात राहतो. त्याच नकाशावर वडूज दाखवावे आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथील मोर्चावर झालेला गोळीबार सांगावा, म्हणजे निःशस्त्र मोर्चापासून भूमिगत कारभारापर्यंतचा प्रवास मुलांच्या लक्षात येईल.

त्यानंतर मुलांना घरी पाठवावे ते आठवणी गोळा करण्यासाठी. प्रतिसरकार स्वतः पाहिलेली पिढी आता जवळजवळ राहिलेली नाही, त्यामुळे बहुतेक आठवणी ऐकीव असतील, आणि म्हणूनच वहीत केवळ प्रसंग न लिहिता तो कोणी सांगितला, सांगणाऱ्याने स्वतः पाहिला की कोणाकडून ऐकला, आणि तो कोणत्या गावचा आहे, हेही लिहायला लावावे. एकाच प्रसंगाच्या दोन घरांतून दोन हकिकती आल्या, तर त्यातली खरी कोणती हे शिक्षकाने लगेच ठरवून टाकू नये. दोन्हींत काय समान आहे, काय वेगळे आहे आणि तपासायला कोणता कागद मिळू शकेल, हे मुलांनीच शोधावे. साधनांची चिकित्सा शिकण्याची याहून चांगली संधी पाठ्यपुस्तकात मिळणे कठीण आहे.

सर्वांत जपून हाताळायचा भाग शिक्षांचा आहे. गुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांना प्रतिसरकारने कठोर शिक्षा केल्या, आणि त्या केलेल्यांचे व भोगलेल्यांचे वंशज आज एकाच बाकावर बसलेले असू शकतात. म्हणून आठवणी गोळा करण्याआधीच नियम घालून द्यावा की शिक्षा झालेल्या व्यक्तीचे नाव, आडनाव किंवा वस्ती वर्गात उच्चारायची नाही. हा नियम इतिहास लपवण्यासाठी नाही. चौदा वर्षांच्या मुलाला पणजोबांच्या कृत्याचा जबाब द्यावा लागू नये, यासाठी आहे.

याच ठिकाणी नागरिकशास्त्राचा पाठ उघडावा. आरोपीला आपली बाजू मांडता येत होती का, निवाड्याविरुद्ध दाद कोठे मागता येत होती, आणि परकीय सरकारच्या न्यायालयावरचा लोकांचा विश्वास उडालेला असताना गावापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे तीन प्रश्न गटांना वाटून द्यावेत. मग संविधानातील अनुच्छेद २० ते २२ वाचावेत. एका गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय जीवित व स्वातंत्र्य हिरावता येत नाही, आणि अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करता येतो, ही कलमे तेव्हा कोरडी राहत नाहीत. तिसरा प्रश्न वगळला, तर तास प्रतिसरकारवरचा खटला होऊन बसतो. पहिले दोन वगळले, तर नुसता पोवाडा होतो.

मूल्यमापनासाठी एक पानभर लेखन पुरेसे आहे. मुलाने प्रतिसरकारची बाजू घेतली की त्याच्यावर आक्षेप घेतला, यावर गुण अवलंबून नसावेत. त्याने किमान एक लिखित साधन आणि एक आठवण वापरली का, माहिती आणि स्वतःचे मत वेगळे ठेवले का, आणि आपल्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा नोंदवला का, एवढेच तपासावे, आणि हे निकष लेखन सुरू करण्याआधी मुलांना सांगावेत.