उपासनेतील संगीत आणि मंडळीबाहेरची सेवा: नियोजन कसे करावे

उपासनेतील संगीत आणि मंडळीबाहेरचे सेवाकार्य यांची जबाबदारी बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत (म्हणजे चर्चमध्ये) वेगवेगळ्या समित्यांकडे असते, तरी दोन्हीकडे गफलत एकच होते, ती म्हणजे गर्दी जमवण्याचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. म्हणून वाद्ये, तालीम किंवा निधी यांचा विचार करण्यापूर्वी पाळक (धर्मगुरू) आणि वडीलवर्गाने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी) एक धोरण लेखी ठरवावे. संगीत हे साऱ्या मंडळीने देवाला अर्पण करायचे स्तवन आहे आणि सेवाकार्य हे शेजाऱ्याच्या गरजेला दिलेले उत्तर आहे. यांपैकी कशाचाही उपयोग आमिष म्हणून होणार नाही, असे त्यात स्पष्ट असावे.

त्यानंतर आपल्या परंपरेचा नियम पाहावा, कारण संगीताबाबत ख्रिस्ती परंपरांचे एकमत कधीच नव्हते. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडील प्राचीन ख्रिस्ती परंपरेच्या, उपासनेत बहुतांशी वाद्ये नसतात. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारकांतही एकमत नव्हते: झ्विंगलीच्या काळात झुरिकच्या उपासनेतून संगीतच काढून टाकण्यात आले, कॅल्विनच्या जिनीव्हात वाद्यांविना एकसुरात स्तोत्रे गायली जात, तर लूथरने लोकभाषेत गीते रचून ती सर्वांच्या तोंडी दिली. कॅथलिक परंपरेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1963 साली श्रद्धावंतांच्या पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागाचा आग्रह धरला, पण लॅटिन विधीतील ग्रेगोरियन गायनाचे (एकसुरी प्राचीन लॅटिन गायनाचे) मानाचे स्थानही राखले. तेव्हा दुसऱ्या मंडळीत रुजलेली पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणण्याची घाई करू नये.

गीत निवडताना चाल बाजूला ठेवून शब्द मोठ्याने वाचावेत. बायबलमधील कलस्सैकरांस पत्र 3:16 मध्ये गायनाचा संबंध एकमेकांना शिकवण्याशी आणि बोध करण्याशी जोडलेला आहे. म्हणजे गीत हेही एक प्रकारचे शिक्षणच आहे, आणि म्हणून ते पाळकांच्या नजरेखालून जायला हवे. वर्षभरात गायलेल्या गीतांची यादी काढली की उणिवा चटकन दिसतात. आनंदाची आणि स्तुतीची गीते भरपूर असतात, पण पापांगीकाराची (पाप कबूल करण्याची) मोजकीच आणि विलापाची जवळजवळ नसतात. बायबलमधील स्तोत्रसंहितेत मात्र विलापाला मोठी जागा आहे. शोकात असलेला माणूसही रविवारी उपासनेला येतो, हे यादी करणाऱ्याने विसरू नये.

मग सुराकडे वळावे. मंडळीतील बहुतेकांना गायनाचे शिक्षण नसते, त्यामुळे मुख्य गायकाला शोभणारी उंच पट्टी सर्वांना झेपत नाही. पाश्चात्त्य स्वरलेखनातील मधल्या सी पासून वरच्या डी पर्यंतचा पल्ला साधारणपणे सोयीचा ठरतो. नवे गीत महिन्याला एकापेक्षा जास्त घेऊ नये आणि ते सलग काही रविवार गावे. तालमीच्या वेळी ध्वनिक्षेपकाचा आवाज असा ठेवावा, की बसलेल्या लोकांना स्वतःचे आणि शेजाऱ्याचे गायन ऐकू येईल. लोक गाणे थांबवून पाहत राहिले, तर वादन कितीही सफाईदार असले तरी ते कमी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गायकवृंदाला यात कमीपणा नाही, कारण मंडळीचा सूर सावरणे हेच त्याचे मोठे काम आहे. गायलेल्या शब्दांपेक्षा गायनच मनाला अधिक हलवते, तेव्हा आपल्या हातून पाप घडते, अशी कबुली प्राचीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने दिली होती. तरीही दुर्बल मनाला भक्तीकडे नेणारे म्हणून त्याने गायनाला संमती दिली. (गीतांचे शब्द पडद्यावर दाखवताना किंवा छापताना स्वामित्वहक्काची परवानगी तपासावी, हे हमखास राहून जाते.)

सेवाकार्यासाठी बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय समितीने एकत्र वाचावा. रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी (येशूने पाठवलेल्या प्रमुख शिष्यांनी) ती दडपली नाही. विश्वासू अशी सात माणसे निवडायला लावून ते काम त्यांच्याकडे सोपवले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा चालू ठेवली. त्याप्रमाणे आधी गरज ऐकावी, तेच काम परिसरात दुसरे कोणी करत आहे का ते पाहावे आणि जबाबदार माणसे ठरल्यावरच कार्यक्रम जाहीर करावा. मदतीसाठी उपासनेला येण्याची किंवा प्रार्थनेला बसण्याची अट घालू नये, पण आपण कोण आहोत आणि हे का करतो हे लपवूही नये. संगीताचा कार्यक्रम म्हणून बोलावून आयत्या वेळी प्रवचन देणे ही फसवणूक आहे. सुवार्ता (येशूचा संदेश) सांगायची असेल तर निमंत्रणातच तसे लिहावे. मुलांबरोबरच्या कामात किमान दोन प्रौढ असावेत, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मदत घेणाऱ्यांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय वापरू नयेत. पैशांची मोजणी दोघांनी करावी व हिशेब मंडळीपुढे ठेवावा.

सहा महिन्यांनी आढावा घेताना उपस्थितीच्या आकड्याआधी मदत घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. एखादे काम पुढे चालवणे शक्य नसेल, तर अवलंबून असलेल्यांना पुरेशी आगाऊ सूचना द्यावी आणि त्यांची दुसरीकडे सोय लावूनच ते बंद करावे.