छोट्या विमानांच्या ताफ्याचे भवितव्य कसे अजमावावे

कोल्हापूर, जळगाव किंवा सिंधुदुर्ग येथून नवी विमानसेवा सुरू झाल्याची बातमी आली की आपण वेळापत्रक आणि भाडे पाहतो. ती सेवा टिकेल का, याचा अंदाज मात्र धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानावरून अधिक नेमका बांधता येतो.

सर्वप्रथम आसनसंख्या आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन हे दोन आकडे पाहावेत. भारतात ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क बहुतेक विमानतळांवर माफ राहिले आहे, आणि ४०,००० किलोंहून हलक्या विमानांच्या इंधनाला केंद्रीय विक्रीकर कायद्यात वेगळे, सवलतीचे स्थान आहे. ७८ आसनांचे एटीआर ७२ हे पंख्यांचे (टर्बोप्रॉप) विमान जेमतेम २३ टनांचे असल्याने दोन्ही मर्यादांत सहज बसते. अमेरिकेत अशीच मर्यादा वैमानिक संघटनांच्या करारांनी घातली आहे: बड्या कंपन्यांसाठी उडणाऱ्या प्रादेशिक जेटमध्ये ७६ पेक्षा अधिक आसने नकोत आणि वजन ८६,००० पौंडांपुढे नको. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचे ई१७५-ई२ हे विमान २०१९ मध्ये उडाले. इंजिने इंधन वाचवणारी, पण जड, त्यामुळे ते या मर्यादेबाहेर गेले आणि २०२२ मध्ये त्याचे काम थांबले. तेव्हा विमान नवे आहे म्हणून ते टिकेल, असे धरून चालू नये.

त्यानंतर मार्गाचे अंतर मोजावे. एटीआर ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते, जेट ८००. तीनशे किलोमीटरांवर फरक पडतो पाव तासाचा, आणि मुंबईच्या आकाशात घिरट्या घालण्यात तोही जातो. म्हणून अशा मार्गांवर जेटचा आग्रह मला हौसेचा वाटतो. सातशे किलोमीटरांच्या पुढे मात्र स्टार एअर या भारतीय कंपनीने घेतलेल्या, एम्ब्रेअरच्याच आधीच्या ७६ आसनी ई१७५ सारख्या जेटला अर्थ येतो. (एटीआर ओळखणे सोपे आहे: प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि त्या वेळी शेपटीखाली टेकू लावलेला असतो.)

कंपनीकडे त्याच जातीची किती विमाने आहेत, हेही विचारावे. दोनच असतील, तर एक दुरुस्तीला गेले की निम्मे वेळापत्रक कोलमडते.

लहान शहरांच्या विमानसेवेसाठी केंद्राने आणलेल्या ‘उडान’ योजनेतील तूटभरपाई साधारणतः तीन वर्षे मिळते. म्हणून चौथ्या वर्षाचे वेळापत्रक उघडून त्या मार्गावर तेच विमान आठवड्यातून किती वेळा येते, ते मोजावे.