चार डबे, सहा स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर: जोडताना या चुका टाळा

गणपतीला मामाकडे खानापूरला गेलो, तर चहा यायच्या आधी मामीची तक्रार आली. "सिरियलचा आवाज येईना झालाय बघ. ह्यानं काय काय जोडून ठेवलंय कोण जाणे." हा म्हणजे माझा मामेभाऊ. त्यानं बेळगावातून असेंबल केलेला ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक जाड आवाजाचा सबवूफर वाजवणारा, अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. शोकेसमध्ये सेट टॉप बॉक्स, जुना डीव्हीडी प्लेयर आणि गेमचा डबा एकावर एक रचलेले, वर भिंतीला टीव्ही. अ‍ॅम्प्लिफायर पुढं ओढून मागं टॉर्च मारला. ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या, लाल-पांढऱ्या भोकांत एक वाय पिन होती. तिच्या एका फाट्याला सेट टॉप बॉक्स, दुसऱ्याला डीव्हीडी, आणि डीव्हीडी बंद. मी डीव्हीडीची पिन उपसली आणि हॉलमध्ये सिरियलमधली सासू एकदम खेकसली.

"दादा, दुकानदारानंच दिली की ही पिन."

"एकाचे दोन करायला दिली असेल. तू दोनाचं एक केलंस."

आमच्या भागात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. वाय पिन एका आउटपुटमधून दोन ठिकाणी आवाज न्यायला असते. दोन आउटपुट तिनं एकत्र बांधले की प्रत्येक डबा आपला सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरकडं ढकलतो आणि तेवढाच शेजारच्या डब्याच्या आउटपुटमध्येही. बऱ्याच डब्यांत बंद असताना आउटपुट आतूनच ग्राउंडला टेकवलेला असतो, म्हणजे 'टक्' आवाज येऊ नये. त्यामुळं एक डबा बंद केला की दुसऱ्याचा आवाजही बसतो. लक्षण अगदी ठरलेलं: दोन्ही चालू असताना बरं, एक बंद केला की पुटपुट.

डबे अनेक असले तरी अ‍ॅम्प्लिफायरनं एका वेळी एकाचंच ऐकायचं असतं, म्हणून त्यांच्यात निवड करणारं काहीतरी हवं. अ‍ॅम्प्लिफायरवर इनपुटची वेगळी भोकं असतील तर रिमोटचं बटण निवड करतं. नसतील तर सिलेक्टर घ्या. दुकानात 'स्प्लिटर' मागू नका, तो एकाचे अनेक करतो. अनेकांतून एक निवडतो तो 'स्विच' किंवा 'सिलेक्टर'. बेळगावच्या खडेबाजारात या दोन शब्दांच्या घोळापायी किती जण दोनदा हेलपाटा घालतात!

हीच चूक ऑप्टिकल वायरीला केली तर नुकसान होत नाही, पण कामही होत नाही. त्या वायरीतून प्रकाशाचे ठिपके जातात. दोघांचे ठिपके मिसळले की अ‍ॅम्प्लिफायरला काहीच वाचता येत नाही. तीन इनपुट आणि एक आउटपुट असलेला ऑप्टिकल सिलेक्टर मिळतो, तोच लावा.

सहाचे दोन कुठे होतात

आवाज येतो, सहाही स्पीकर वाजतात, आणि माणूस खूश. पण मागचे दोन स्पीकर पुढचंच गाणं उगाळत असतील तर त्याला ५.१ म्हणायचं नाही. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर दोन चॅनेलचा, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या स्पीकरचा, आवाज पसरवून सगळीकडं देतात, म्हणून फसायला होतं. रिसीव्हरला, म्हणजे डॉल्बी स्वतः वाचणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरला, डिस्प्ले असेल तर त्यावर वाचा. 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' (सहा चॅनेल दाबून पाठवायच्या पद्धती) दिसलं तर सहा चॅनेल बहुधा पोचलेत. 'पीसीएम' (न दाबलेला आवाज) किंवा 'प्रो लॉजिक' (दोनाचा पसरवलेला आवाज) दिसलं तर वाटेत कुठंतरी बहुधा सहाचे दोन झालेत. डिस्प्ले नसेल तर प्रत्येक स्पीकरचं नाव घेणारी ५.१ टेस्ट क्लिप लावा. 'मागे डावा' म्हणताना पुढचे स्पीकर बोलले, की कळलं.

गळती बहुतेक वेळा टीव्हीत होते. लोक सगळे डबे टीव्हीला एचडीएमआयनं जोडतात आणि टीव्हीतून एक ऑप्टिकल वायर अ‍ॅम्प्लिफायरला आणतात. दिसायला सुटसुटीत. पण कितीतरी टीव्ही एचडीएमआयवरून आलेला ५.१ आवाज ऑप्टिकलमधून दोन चॅनेल करूनच सोडतात. आधी टीव्हीची सेटिंग बघा. डिजिटल ऑडिओ आउट 'पीसीएम'वर असेल तर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. तरी दोनच येत असतील तर तो टीव्ही तेवढंच देतो. मग त्या डब्याचा आवाज टीव्हीला न विचारता थेट अ‍ॅम्प्लिफायरला न्या.

आता ऑप्टिकलची हद्द. साध्या स्टिरिओ पीसीएमला सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन चॅनेल लागतात, म्हणजे सुमारे १५ लाख बिट. सहा चॅनेल तसेच उघडे पाठवायचे तर तिप्पट लागतील, आणि त्याची सोय त्या जोडणीच्या नियमात नाही. डॉल्बी डिजिटल मात्र सहा चॅनेल दाबून बसवतो. डीव्हीडीवर तो जास्तीत जास्त ४,४८,००० बिटांत मावतो, म्हणून तो ऑप्टिकलमधून आरामात जातो. ओटीटीवाल्यांचा डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. टीव्हीनं किंवा त्याला लावलेल्या ओटीटी स्टिकनं त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून दिलं तरच आवाज येतो. 'सिनेमा लावला की शांत, यूट्यूबला ठीक' अशी तक्रार असेल तर आधी इथंच बघा.

एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच केबलनं रिसीव्हरकडं परत आणायची सोय, असेल तर ती वापरा. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडं ज्या भोकावर 'एआरसी' छापलंय तिथंच केबल लावा, शेजारच्या भोकात नको. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसीही (एचडीएमआयनं जोडलेले डबे एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू असावी लागते. कंपन्या तिला आपापली गोंडस नावं देतात, म्हणून ती सापडत नाही. एआरसीतून डॉल्बी डिजिटल प्लस जाऊ शकतो. न दाबलेले सहा चॅनेल मात्र २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या ईएआरसी या सुधारित एआरसीतूनच जातात.

ब्लूटूथवरून मागचे स्पीकर वेगळे वाजवायची आशा सोडा. तिथं दोनच चॅनेल.

असेंबल केलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर

बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा, निम्म्या घरांत रिसीव्हर नसतो. असतो तो ओळखीच्या मेकॅनिकनं बनवलेला डबा. तो मजबूत असतो, पण त्याच्या मागची सहा भोकं ॲनालॉग असतात आणि त्याला डॉल्बी वाचता येत नाही. म्हणून मधे ५.१ डीकोडर लागतो. त्याला एका बाजूनं ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल (एका पिनची डिजिटल वायर) जातं, दुसऱ्या बाजूनं सहा पिना निघतात. डीकोडर असला तर दोन-तीन डबे त्याच्याच इनपुटना लावा, सहा पिना कायमच्या अ‍ॅम्प्लिफायरला राहू द्या आणि निवड डीकोडरच्या रिमोटवर करा. सहा पिना रोज उपसून लावल्या की भोकं ढिली होतात, आणि एके दिवशी सेंटर स्पीकरचे संवाद सबवूफरमधून घुमायला लागतात.

डीव्हीडी प्लेयरला स्वतःच्या सहा पिना असतील तर त्याच्या स्पीकर सेटिंगमध्ये 'डाउनमिक्स' किंवा 'स्टिरिओ' ठेवू नका. मामेभावाच्या प्लेयरवर तेच होतं. सहा वायरी नीट लावलेल्या आणि चार मुक्या.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. कोॲक्सियल डिजिटलचं भोक बहुधा नारिंगी असतं, त्यात लाल-पांढरी ऑडिओ पिन लावून आवाजाची वाट बघू नका. खास वायर नसेल तर पिवळी व्हिडिओ वायर चालते, दोन्ही ७५ ओहमच्या. नवी ऑप्टिकल वायर लावताना टोकावरची पारदर्शक प्लास्टिकची टोपी काढा. हसू नका, मी स्वतः अर्धा तास टीव्हीला शिव्या घालून मग ती टोपी काढलीय. वायरीच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला तर सिग्नल सुटतोय असं समजा. ऑप्टिकल वायर शोकेसच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका. रिसीव्हरवर 'डीव्हीडी' बटण दाबूनही शांतता असेल तर मेनूत त्या नावाला कुठलं डिजिटल भोक नेमलंय ते बघा. कारखान्यातून नेमलेलं आणि तुम्ही लावलेलं भोक सारखं असेलच असं नाही.

जुना रेकॉर्ड प्लेयर ऑक्सला लावला की आवाज खूप बारीक येतो. त्याची सुई साधारण ५ मिलिव्होल्ट देते आणि डीव्हीडी प्लेयर २ व्होल्टपर्यंत. मधे ते वाढवणारा फोनो प्रीॲम्प हवा. उलट टोकाची चूक महागात पडते: एका अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या वायरी दुसऱ्याच्या ऑक्समध्ये घालणं. आणि दोन अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट एका स्पीकरला एकदम लावाल तर पैसे मेकॅनिकच्या खिशात गेलेच म्हणून समजा.

घुंऽऽऽ

हे दुखणं जुन्या घरांत जास्त. सेट टॉप बॉक्स जोडला की सबवूफर सतत गुणगुणतो, आवाज शून्यावर आणला तरी. विजेच्या ५० हर्ट्झची ती घरघर असते. अ‍ॅम्प्लिफायर एका अर्थिंगला टेकलेला आणि छतावरून आलेली केबलची वायर दुसरीकडं कुठंतरी. दोन्हींमध्ये पिनांच्या बाहेरच्या कड्यातून करंट फिरतो.

शोधायची रीत सोपी आहे. एकेक डबा काढत जा. मग सगळ्यात शेवटी सेट टॉप बॉक्स पिनांनी जोडलेलाच ठेवून फक्त छतावरची गोल वायर सोडा. घरघर थांबली तर चोर तिथं आहे. इलाज असा की त्या डब्याला लाल-पांढऱ्या पिनांऐवजी ऑप्टिकल लावायचं, कारण प्रकाशातून करंट वाहत नाही. ऑप्टिकल नसेल तर हा फिरणारा करंट तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. सगळे डबे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले तरी बऱ्याचदा फरक पडतो.

थ्री-पिनची वरची जाड पिन कापणं हा इलाज नव्हे. एका शेजारकाकांनी तसं केलं, घरघर गेली, आणि पावसाळ्यात अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायला लागल्या. आतलं इन्सुलेशन फुटलं की मुंग्यांवर भागत नाही. भिंतीत अर्थिंगच नसेल तर आधी वायरमन बोलवा.

परदेशातल्या पाहुण्यांनी आणलेला रिसीव्हर असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकेतल्या मालावर बहुधा १२० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं २३०.

मामीचा प्रश्न शेवटी असा सुटला. सेट टॉप बॉक्स एकटा ऑक्सला, गेमचा डबा आणि डीव्हीडी डीकोडरला, एक ऑप्टिकलनं आणि एक कोॲक्सियलनं. अ‍ॅम्प्लिफायरच्या रिमोटवर पांढरी चिकटपट्टी लावून पेननं 'मामी' आणि 'पोरगं' अशी दोन बटणं लिहिली. दोन्हींच्या आवाजात फरक होता, तो डीकोडरचा आवाज खाली ओढून जुळवला, म्हणजे बटण बदलताना कुणी दचकायला नको. ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे, म्हणून टीव्हीतला ऑडिओ डिले बघितला, तर तो आधीच शून्यावर होता. लिप-सिंकची बोंब टीव्हीच्या 'गेम मोड'ची निघाली. त्या मोडमध्ये चित्र लवकर दिसतं आणि डीकोडरमधून फिरून आलेला आवाज मागं पडतो. सिनेमाच्या वेळी तो मोड बंद ठेवायचा एवढं मामेभावाला सांगितलं.

निघताना मामा म्हणाला, "वळवात वीज चमकली की मी स्विच बंद करतो, पुरे ना?" पुरे नाही. प्लग उपसा आणि सेट टॉप बॉक्सची छतावरून आलेली वायरही सोडा. वीज त्या वाटेनंही आत येते, आणि आता ती एका डब्यातून चारही डब्यांत जाईल.