नेलपेंट तीन दिवसांत टवकतंय? घरच्या मॅनिक्युअरमधल्या या चुका टाळा

रविवारी लावलेलं नेलपेंट बुधवारी कडेने उडालं की बोल बाटलीला लागतो. मग लक्ष्मी रोडवरून दुप्पट किमतीची बाटली येते आणि तिचीही तीच गत होते. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतोच. नखात मुरलेलं पाणी आणि नखावर राहिलेलं तेल, या दोन गोष्टी काम बिघडवतात.

हात भिजवून लगेच रंग लावणं

नख पाणी शोषतं आणि किंचित फुगतं. फुगलेल्या नखावर रंग बसवला की तासाभरात पाणी निघून जातं, नख मूळ आकारात येतं, पण वाळत आलेला रंग त्याच्याबरोबर तितका आवळत नाही. टोकाशी तो सुटतो आणि तिथूनच टवके उडायला सुरुवात होते. भिजवायचंच असेल तर कोमट पाण्यात ३ ते ५ मिनिटं पुरेत. पाण्यात साबणाऐवजी अर्धा चमचा सौम्य शाम्पू घाला. पुण्यात ज्या सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, तिथे साबणाचा पांढरट थर नखांवर बसतो. हात पुसल्यावर किमान अर्धा तास थांबा. त्याहून सोपं म्हणजे सकाळी आंघोळीनंतर क्युटिकलचं, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीचं, काम उरकायचं आणि रंग संध्याकाळी, भांडी घासून अर्धा तास उलटल्यावर लावायचा.

तेलाचं गणितही असंच. स्क्रब, क्रीम, खोबरेल तेलाचा मसाज हे सगळं केलंत तरी बेस कोटच्या (रंगाखालच्या पारदर्शक थराच्या) अगदी आधी रिमूव्हरमध्ये ओलावलेला कापूस प्रत्येक नखावरून, कडांसकट, फिरवा. त्यानंतर नखांना बोट लावायचं नाही. घरी केलेल्या मॅनिक्युअरमध्ये ही पायरी अनेकदा वगळली जाते.

कापणं आणि फाइल करणं

दोन्ही कामं कोरड्या नखांवर, भिजवण्याआधी करा. ओलं नख फाइलखाली थराथराने फाटतं. नेलकटरने एका दणक्यात अख्खं नख कापू नका, छोटे छोटे तुकडे घ्या. कटरलाच जोडलेली धातूची फाइल फार खरखरीत असते, ती विसरून जा. आकारासाठी १८० ग्रिटची आणि शेवटी कड गुळगुळीत करायला २४० ग्रिटची फाइल वापरा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी फाइल मऊ). कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने. करवतीसारखं पुढे-मागे घासलं की टोक पिंजतं. कोपरे आत खोलवर कोरू नका, नख नेमकं तिथेच तडकतं. बफरने येणारी चमक नखाचाच वरचा थर घासून येते, म्हणून महिन्यातून एकदा, हलक्या हाताने. नख गरम लागलं तर थांबा.

क्युटिकल कापणं

ही या यादीतली सर्वांत महागात पडणारी चूक. नखाच्या मुळाशी असलेली कातडी जंतूंना आत शिरू देत नाही. ती कापली की नखुरड्याला आमंत्रणच. तेलाचा थेंब लावून दोन मिनिटं थांबा आणि कापूस गुंडाळलेल्या ऑरेंज स्टिकने (नखांसाठीची लाकडी काडी) हलकेच मागे सारा. कात्री फक्त सुटून लोंबणाऱ्या सालपटापुरती, तीही ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. बोट लाल होऊन ठणकत असेल किंवा पू दिसत असेल तर मॅनिक्युअर सोडून डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर अजिबात वाट पाहू नका.

रंग लावताना

बाटली जोरात हलवली की हवा मिसळते आणि नखावर बुडबुडे येतात. ती तळव्यांमध्ये फिरवा. पंखा बंद ठेवा, कारण वाऱ्याने वरचा थर आधी वाळतो आणि खालचा ओलाच राहतो. बेस कोटचा पातळ हात, दोन मिनिटं थांबणं, रंगाचे दोन पातळ हात, प्रत्येकानंतर ३ मिनिटं, मग टॉप कोट, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर. एक जाड हात दोन पातळ हातांची जागा घेऊ शकत नाही. कातडीपासून केसाएवढी जागा सोडा, रंग कातडीवर चढला की तिथून उचलला जातो. शेवटी ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा.

एप्रिल-मेच्या दुपारी रंग ब्रशवरच घट्ट होतो आणि रेघा उमटतात, त्यामुळे काम सकाळी लवकर करा. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. अशा दिवशी रंगाच्या दोन हातांमध्ये ५ मिनिटं द्या.

१५ मिनिटांत नख हाताला कोरडं लागतं, पण आतला थर कित्येक तास मऊ असतो. रात्री लावून लगेच झोपलं की पांघरुणाचे ठसे उमटतात, आणि स्कूटरवर निघण्याआधी लावलं तर हातमोजे चढवताना आणि स्कार्फची गाठ मारताना वाट लागते. दोन तास तरी मोकळे ठेवा. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवल्याने वरचा थर तेवढ्यापुरता आवळतो, आतला वाळत नाही.

बिघडलंच तर

ठसा उमटला असेल तर बोटाच्या टोकावर रिमूव्हरचा थेंब घेऊन हलकेच थोपटून सपाट करा आणि वर टॉप कोटचा पातळ हात द्या. टवका उडाला असेल तर त्याची कड २४० च्या फाइलने बसवून घ्या, नाहीतर नव्या रंगाखाली ती पायरीसारखी दिसते.

नेलपेंट काढल्यावर नख पिवळं दिसलं तर बहुधा गडद रंग बेस कोटशिवाय लावला गेलाय. लिंबू चोळून कातडी कोरडी पडते, डाग तसाच राहतो. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, डाग त्याच गतीने पुढे सरकेल. हळदीचा पिवळेपणा वेगळा, तो उन्हात फिका होतो. लग्नाची मेंदी काढण्याआधी मात्र नखांवर पारदर्शक कोट लावा, नाहीतर केशरी नखं महिनोन्महिने मिरवावी लागतात.

नेलपेंट आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. गॅसजवळ किंवा समई तेवत असलेल्या देवघराशेजारी बसू नका. दाटलेल्या बाटलीत रिमूव्हर ओतू नका, त्याने रंगाची पकड जाते. नेलपेंट थिनरचे २-३ थेंब घालून तळव्यांत फिरवा. तरीही ब्रशमागे तार सुटत असेल तर ती बाटली टाकून द्या.