बाळाशी खेळायचं कसं? महागडी खेळणी नकोत, ओढणी आणि वाटी पुरे

पहिले दोनतीन महिने बाळाला साधारण २० ते ३० सेंमीवरचंच नीट दिसतं, म्हणून मांडीवर घेऊन चेहरा जवळ न्या आणि बोला. ते 'आऽ' म्हणालं की तुम्हीपण 'आऽ' म्हणा आणि मग थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. हे थांबणं फार महत्त्वाचं, कारण बोलण्यात आळीपाळी असते हे ते इथूनच शिकतं.

सहासात महिन्यांनंतर बुवा कुक! आधी तोंडावर ओढणी घेऊन पटकन काढा, मग हळूहळू लपायचा वेळ वाढवा, नंतर त्याच्यासमोरच वाटी रुमालाखाली झाकून ठेवा आणि बघा शोधतंय का. दिसत नाही तरी वस्तू असते, ही समज याच वयात पक्की होत जाते, पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने यावर खूप काम केलंय. आई आत गेली की रडारड होते त्याचा पण याच्याशी संबंध आहे.

बसायला लागलं की स्टीलचा डबा आणि चमचे द्या, आत टाकणं बाहेर काढणं, आवाज होऊ दे की. फक्त बटणं, शेंगदाणे, नाणी असलं काही हाताशी ठेवू नका, घशात अडकतं.

आणि प्लीज मोबाईलवरची गाणी लावून देऊ नका, त्यापेक्षा आजीने तळहातावर बोट टेकवून मोर बोलवलेला शंभरपट चांगला. बाळाने मान फिरवली, डोळे चोळले की खेळ बंद, त्याला आता विश्रांती हवीये.